अर्ध्या साक्षीदाराचा हेजहॉग

आमच्या खालच्या थ्रॅपल गावात कुणाला काही दिसलं, तर नुसतं दिसून भागत नाही. ते वहीत चढावं लागतं. वही टपालघराच्या काउंटरवर सुतळीने बांधलेली असते, सुतळीच्या दुसऱ्या टोकाला पेन्सिल, आणि काउंटरच्या मागे हेस्टर पिंचबेक. टपालघर बंद होऊन नऊ वर्षं झाली, आता तिथे साबण, पाव आणि मांजरांचं खाणं मिळतं, पण आम्ही त्याला टपालघरच म्हणतो. हेस्टरही अजून पाकिटावर शिक्का मारावा तशीच बोलते.

शरद संपत आला की वहीला उधाण येतं. पानं झडतात, सगळं उघडं पडतं, आणि जो तो खिडकीशी नाक लावून बसतो. "एक नोव्हेंबर. भेकर, चर्चच्या आवारात, कर्नलच्या थडग्यावरची ताजी फुलं खाताना." "दोन नोव्हेंबर. लाल बगलेचे कस्तुर, अंदाजे साठ, हॉलीच्या झुडपाच्या लाल फळांवर." "तीन नोव्हेंबर. गव्हाणी घुबड, भर दुपारी, पबच्या पाटीवर, झोपलेलं." प्रत्येक नोंदीखाली दोन सह्या. दोन साक्षीदार नसतील तर नोंद नाही. नवरा-बायको मिळून एकच साक्षीदार, कारण ते घरी जाऊन ठरवून येतात.

आणि एनॉक टिडमार्श अर्धा साक्षीदार. तो मी.

हे मी गमतीने सांगत नाही. पंचायतीचा तसा ठराव आहे. चाळीसेक वर्षांपूर्वी नोव्हेंबरात असं धुकं पडलं होतं की माणसाला आपल्याच बुटांची चौकशी करावी लागत होती. त्या धुक्यात उत्तरेकडून येणारे रानहंस वाट चुकले आणि खाली उतरून आमच्या रस्त्याने चालत गेले. चौदा हंस, एका ओळीत, डावीकडून. बसथांब्यापाशी पाच मिनिटं थांबले, बस आली नाही तेव्हा पुढे निघाले. मी हे पबमध्ये सांगितलं. सगळं गाव कंदील घेऊन पावलांचे ठसे शोधत फिरलं, तिघांना सर्दी झाली, आणि पुढच्या सोमवारी पंचायतीने ठराव केला : "एनॉक टिडमार्श यांची साक्ष यापुढे अर्धी धरावी." त्या दिवसापासून पबमध्ये मी बियर मागितली की कुणीतरी ओरडतंच, "अर्ध्याला अर्धाच ग्लास द्या रे!"

माझ्या नोंदी हेस्टर वहीच्या मागच्या बाजूने, वही उलटी धरून लिहिते. पाद्रीबुवांचा चष्मा गिळलेला राखी बगळा तिथेच आहे. चष्मा गिळल्यापासून तो लहान मासे बघून परत सोडायचा. पुढच्या बाजूला, खऱ्या नोंदींमध्ये, माझं नाव साठ वर्षांत एकदाही नाही. मी आयुष्यभर झाडांची जिवंत कुंपणं विणली. पहाटेपासून झुडपांत डोकं घालून बसणाऱ्या माणसाइतकं या गावात कुणी पाहिलेलं नाही. पण पाहिलेल्यात थोडं मीठ घातल्याशिवाय मला सांगता येत नाही, त्याला काय करणार?

तर गेल्या पाच नोव्हेंबरची गोष्ट. पाच नोव्हेंबरला संध्याकाळी, राजाला सुरुंगाने उडवायचा जुना कट फसला म्हणून, गावोगाव लाकडांचे ढीग पेटतात हे काय वेगळं सांगायला नको. आमचा ढीग गावच्या हिरवळीवर तीन आठवडे रचला जातो. मोडकी दारं, कुंपणाच्या फांद्या, आजोबांची कपाटं, सगळं त्यात. ढिगाचा मुखत्यार पर्सी क्लटरबक. पूर्वी बस चालवायचा, आणि अजूनही कुणी मध्ये आलं की हॉर्न वाजवल्यासारखा खाकरतो. टेकडीवरच्या वरच्या थ्रॅपलचा ढीग आपल्यापेक्षा उंच होता कामा नये, एवढंच त्याचं जगण्याचं कारण. यंदा आमचा तेवीस फूट झाला होता. पर्सी दिवसातून दोनदा मोजायचा.

त्या दिवशी उजाडता उजाडता मी हिरवळीवरून चाललो होतो. गवतावर दहिवर, तोंडातून वाफ. ढिगाच्या बुडाशी काहीतरी खुसफुसलं. मी थांबलो. ओकच्या वाळलेल्या पानांचा एक झुबका आपणहून चालत येत होता. झुबक्याच्या मागे दोन काळेभोर डोळे, ओलं नाक, आणि त्यामागे काट्यांचा एक गोल लोड.

हेजहॉग. तोंडात मावतील तेवढी पानं धरून, थंडीभर झोपायला अंथरूण घेऊन निघालेला. माझ्याकडे एकदा बघितलं, भाडं ठरलेल्या भाडेकरूसारखं, आणि दोन फळ्यांमधून ढिगाच्या आत गेला. आत पानं सारखी केल्याचा आवाज आला. मग शांतता.

आमच्याकडे अकरा वर्षांत कुणी हेजहॉग पाहिला नव्हता. पूर्वी दर पाच तारखेला ढीग पेटवायच्या आधी हाताने उपसून शेजारी पुन्हा रचायचे, आत कुणी झोपलेलं असेल म्हणून. पण वहीत हेजहॉग दिसायचे थांबले, आणि पर्सीने पंचायतीत उभं राहून म्हटलं, "नसलेल्या जनावरासाठी कंबर का मोडायची?" उपसायची पद्धत बंद झाली. आणि आता संध्याकाळी सहाला त्या अंथरुणाला पेटती काडी लागणार होती.

मी धावलो. वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी माणूस जसा धावतो तसा, म्हणजे चाललोच, पण दम धावल्याचा लागला.

हेस्टर दुकानाची कडी काढत होती. "हेस्टर! हेजहॉग! ढिगात!"

तिचा हात कडीवरच थांबला. तुम्हाला सांगतो, सत्तर वर्षं मी त्या चेहऱ्याला ओळखतो, शाळेत आम्ही एका बाकावर होतो; पण तो असा उजळलेला मी फार थोड्या वेळा पाहिलाय. अकरा वर्षं ही बाई मागच्या पायरीखाली रोज संध्याकाळी मांजराच्या खाण्याची बशी ठेवते, आणि दर ऑक्टोबर संपताना वहीत लिहिते, "हेजहॉग : नाही." तो उजेड क्षणभर टिकला. मग तिला आठवलं की सांगतोय कोण.

"एनॉक," ती म्हणाली, "बगळ्यावरून चेष्टा कर, हंसांवरून कर. यावरून नको."

"अगं, शपथ घेतो!"

"हंसांच्या वेळीही घेतली होतीस. आईची."

"तोंडात पानं होती त्याच्या. ओकची."

"आणि पायात मोजे?"

तरी ती आली. कोट चढवून, बॅटरी घेऊन, ढिगाभोवती तीन फेऱ्या मारल्या, गुडघ्यावर बसून फळ्यांच्या फटीत बघितलं. झोपलेला हेजहॉग काही खिडकीशी येऊन बसत नाही. ती उठली, गुडघे झटकले. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मला अजून दीड साक्षीदार आणून दे," आणि मान खाली घालून निघून गेली.

मी पर्सीकडे गेलो. तो शिडीवर उभा राहून ढिगाच्या टोकावर एक खुर्ची बांधत होता.

"पर्सी, ढीग उपसायला हवा. आत हेजहॉग आहे."

"वहीत आहे?"

"नाही."

"मग आत नाही." त्याने गाठ आवळली. "ही खुर्ची धरून चोवीस फूट. उपसून पुन्हा रचला तर बावीसच भरतो, दर वेळी बसतो तो. वरच्या थ्रॅपलवाले दुर्बीण लावून बसलेत. तू घरी जा, चहा पी, आणि संध्याकाळी जाळात भाजलेले बटाटे खायला ये."

"एक जीव जळेल रे, पर्सी!"

"गेल्या वर्षी याच जागी तू मला पाणमांजर सांगितलं होतंस. पाइप ओढणारं."

आता पाइप मी घातला होता, हे मान्य. पाणमांजर मात्र होतं.

मी बाकावर बसलो. घड्याळात साडेअकरा. ओढ्यावरून खंड्या निळी रेघ ओढून गेला, नांगरलेल्या शेतावर भोरड्यांचा थवा उलटासुलटा होत होता, इतका सुंदर दिवस की अंगावर यावा. आणि माझ्या लक्षात आलं की मी सकाळपासून खरं बोलतोय. माझ्यासारख्या माणसाने, ज्याला त्यातला काडीचा अनुभव नाही, नको त्या दिवशी नको ते काम हातात घेतलं होतं. आपल्याला येतं ते करावं.

बारा वाजता मी पबमध्ये शिरलो. पर्सी तिथे होता, ट्रॅक्टरवाली ग्वेन होती, आणखी दहा-बारा जण. "अर्धा आला!" कुणीतरी ओरडलं. मी काही बोललो नाही. कोपऱ्यात बसलो, ग्लासात बघत राहिलो. मी गप्प बसलोय असं या पबने कधी पाहिलेलं नाही. पाच मिनिटांत सगळे अस्वस्थ झाले.

"काय झालं, मिस्टर टिडमार्श?" ग्वेन जवळ आली. "बरं नाही का तुम्हाला?"

"काही नाही. पर्सीला सांगू नकोस. उगाच वाईट वाटेल."

पर्सीने लगेच खुर्ची ओढली. "काय सांगू नकोस?"

"जाऊ दे. माझी साक्ष अर्धी."

"बोल की लेका!"

"पहाटे," मी म्हणालो, "मी काही हेजहॉग बघायला गेलो नव्हतो. कुजबुज ऐकू आली म्हणून गेलो. वरच्या थ्रॅपलचे दोघं. ढकलगाडी घेऊन. गाडीत गादी होती, पाण्यात भिजवलेली, ठिबकत होती. तुझ्या ढिगाच्या पोटात घातली त्यांनी, पर्सी, अगदी मधोमध. वर म्हणतात कसे, आता यांचा ढीग धुमसेल रात्रभर, आणि आपण टेकडीवरून टाळ्या वाजवू."

पर्सीचा चेहरा आधी गुलाबी झाला, मग बिटासारखा.

"हे सकाळीच का नाही सांगितलंस?"

"विश्वास ठेवला असतास?"

गंमत बघा. हेजहॉगवर कुणाचा विश्वास बसला नाही, पण वरच्या थ्रॅपलवाल्यांच्या कटावर सगळ्यांचा बसला. आमच्या गावात त्यांच्याविषयी काहीही सांगा, साक्षीदार लागत नाही.

"ग्वेन, ट्रॅक्टर काढ! काट्याने उलथून टाकू!" पर्सी उठला.

मी त्याची बाही धरली. "ट्रॅक्टर? आणि गादी फाटली म्हणजे? पुरावा हवा ना धडधाकट? उचलून टेकडीवर न्यायची आणि त्यांच्या हिरवळीवर मधोमध अंथरायची. एकेक फळी हाताने काढा. हळू. मूल उचलावं तसं."

"पुरावा," पर्सी हळूच म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आनंदाने.

एक वाजता सगळं गाव हिरवळीवर. माणसांची साखळी करून दारं, फांद्या, कपाटं हातोहात पलीकडे जात होती. कुणी फांदी जोरात ओढली की मी ओरडायचो, "पुरावा सांभाळा!" हेस्टर दुकानाच्या दारात उभी होती, हाताची घडी घालून. गादीचं तिच्या कानावर गेलं तेव्हा ती पांढरी पडली. मला वाटलं माझा राग आला.

तीन वाजले. ढीग कमरेएवढा उरला. गादी नाही. पर्सी माझ्याकडे बघत होता. साडेतीन. ढीग गुडघ्याएवढा. गादी नाही, आणि मला ज्याची खरी काळजी होती तोही नाही. लोक हात कमरेवर ठेवून माझ्याकडे वळायला लागले.

"एनॉक," पर्सी म्हणाला, "ही गादी पाइप ओढते का रे?"

मी तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा आत काही तयार नव्हतं.

"अहो, गादी!" ग्वेन किंचाळली.

मी वळून बघितलं. शेवटच्या दोन दारांखाली, अगदी जमिनीशी, निळ्या पट्ट्यांची, घोड्याच्या केसांनी भरलेली जुनी गादी होती. चिंब भिजलेली. कोपऱ्यातून ठिबकतसुद्धा होती, मी सांगितल्याप्रमाणे. त्या गर्दीत सगळ्यात जास्त थक्क कोण झालं असेल तर मी.

पर्सीने डरकाळी फोडली. "खरं बोलला! एनॉक खरं बोलला!" माझ्या पाठीवर अशी थाप मारली की माझे दात एक घर पुढे सरकले. तो गादीला हात घालणार तेवढ्यात मला गादीच्या आडोशाला, कोरड्या बाजूला, ओकच्या पानांचा गोळा दिसला. फुटबॉलएवढा. आणि तो गोळा श्वास घेत होता.

"थांब!" मी म्हणालो. माझ्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक, पर्सी क्लटरबक थांबला.

मी दोन बोटांनी वरची चार पानं बाजूला केली. काटे. मग नाक. मग एक डोळा उघडला, आमच्या अख्ख्या गावाकडे बघितलं, आणि आवडलं नाही म्हणून मिटला.

चौतीस माणसं एकदम कुजबुजायला लागली. खालच्या थ्रॅपलला कुजबुजता येतं हे मला त्या दिवशी कळलं. पर्सीने टोपी काढली. आणि हेस्टर हिरवळीवरून धावत आली, खरोखर धावत, चिखलात गुडघ्यांवर बसली, आणि नुसती बघत राहिली. तिच्या नाकाच्या शेंड्यावरून थेंब ओघळला तो तिने पुसलाही नाही.

"दीड साक्षीदार पुरेत का?" मी तिच्या कानाशी म्हणालो.

"गप्प बस," ती म्हणाली. मग माझा हात दाबला. "खरंच पानं होती तोंडात?"

"मिशा असल्यासारखी."

पंचायतीतले सातापैकी पाच जण तिथेच होते. पर्सी एका कपाटावर चढला आणि म्हणाला, वरच्या थ्रॅपलचा कट उघडकीला आणल्याबद्दल एनॉक टिडमार्श यांची साक्ष आजपासून पूर्ण धरावी. पाच हात वर गेले. एकामध्ये कुऱ्हाड होती. अशा रीतीने सकाळी खरं बोलून जे मिळालं नाही, ते दुपारी खोटं बोलून मिळालं. मी वाकून अभिवादन केलं. नाही म्हणणं उद्धटपणा झाला असता.

"आता उचला ती गादी!" पर्सी गरजला.

आणि हेस्टर पिंचबेक त्या चिंब गादीवर फतकल मारून बसली.

"मिस पिंचबेक?"

"दमले मी," हेस्टर म्हणाली.

"अहो, ओली आहे ती!"

"मला ओलंच बरं वाटतं."

मी बघितलं. तिच्या स्कर्टखालून गादीचा कोपरा दिसत होता, आणि त्यावर लाल दोऱ्याने नीट भरलेली दोन अक्षरं : हे. पिं. मग सगळं लख्ख झालं. तिच्या पाहुण्यांच्या खोलीचं छप्पर गळत होतं, वरची सरकलेली कौलं मी रस्त्यावरून पाहिली होती. कुणाला सांगितलं असतं तर अर्धं गाव शिडी घेऊन धावलं असतं, आणि हेस्टरला मदत म्हणजे गालावर चापट वाटते. ढीग रचायच्या आदल्या दिवशी तिने भिजलेली गादी गुपचूप हिरवळीवर आणून टाकली होती, वर दोन दारं ठेवून; तीन आठवड्यांच्या पावसाने तिला वाळू दिलं नव्हतं. दाराच्या चौकटीत ती पांढरी का पडली होती, ते आता कळलं. ज्या कटासाठी अख्खं गाव वरच्या थ्रॅपलला शिव्या देत होतं, तो कट हा होता.

तिने माझ्याकडे बघितलं. एवढी भ्यालेली हेस्टर मी पाहिली नव्हती.

"पर्सी," मी म्हणालो, "टेकडीवर नेऊन काय होणार? ते म्हणतील, आमची नाहीच. त्यापेक्षा जाळ चांगला धरला की वरून टाक. वारा कुठला आहे बघ."

पर्सीने बोट ओलं करून वर धरलं. वारा सरळ वरच्या थ्रॅपलकडे होता. "ओल्या गादीचा धूर," तो स्वप्नात असल्यासारखा म्हणाला, "एनॉक, तू पूर्ण आहेस. दीड आहेस."

"आणि अक्षरांची बाजू खाली," हेस्टर उठता उठता माझ्या कानात पुटपुटली.

हेजहॉगला त्याच्या सगळ्या पानांसकट सफरचंदाच्या खोक्यात घालून हेस्टरच्या परसातल्या लाकडांच्या राशीखाली ठेवलं, पायरीखालच्या बशीपासून सात पावलांवर. तो जागा झाला नाही. ढीग पुन्हा रचला, सहाऐवजी सात वाजता पेटला, साडेबावीस फूटच भरला; पण त्याचा धूर असा गेला की टेकडीवरचे लोक खोकताना आम्हाला ऐकू येत होते. पर्सीने तीन बटाटे खाल्ले आणि कुणाशीही भांडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात मी आणि हेस्टर. तिने वही समोर घेतली, पुढच्या बाजूने. पेन्सिलला टोक केलं. "पाच नोव्हेंबर. हेजहॉग, एक, तोंडात ओकची पानं. पहाटे. प्रथम पाहणार : एनॉक टिडमार्श." एकेक अक्षर कोरल्यासारखं. मग वही माझ्याकडे वळवली. मी सही केली. चौतीस सह्या खाली आल्या, पण पहिली माझी आहे. येऊन बघा, नाहीतर म्हणाल हेही मीठ लावून सांगतोय.

"छपराचं मी बघतो," मी म्हणालो. "रविवारी येईन. विचारत नाहीये."

तिने नुसता पेन्सिलीचा भुगा काउंटरवरून झटकला. म्हणजे हो. मग तिने वही उलटी केली, मागची पानं चाळली, आणि एका पिवळ्या पानाशी थांबली. धुक्यातले रानहंस. चौदा, एका ओळीत. तिने पेन्सिल उचलली आणि माझ्या अर्ध्या सहीशेजारी, चाळीस वर्षांनी, आपली सही केली.

"हे काय गं?"

"मीही पाहिले होते," हेस्टर म्हणाली. "याच खिडकीतून. तिसरा जरा लंगडत होता."

मी तिच्याकडे बघत राहिलो. तिच्या चेहऱ्यावर रेघ हलली नाही. शिक्का मारावा तसा चेहरा.

आता एवढं सगळं सांगितलंच आहे, तर हेही सांगतो. त्या धुक्याच्या दिवशी मी तापाने अंथरुणात पडून होतो. खिडकीचा पडदासुद्धा उघडला नव्हता.

पण तिसरा लंगडत होता, हे खरं. मला आता चांगलं आठवतंय.